पितळेवरचं नाव

कोचिंग क्लासमधली माझी नोकरी गेली तेव्हा मुलगी सातवीत होती. नेहरू नगरच्या त्या क्लासात मी नऊ वर्षं प्रश्नपत्रिका टाइप केल्या. पुढे मुलं मोबाईलवरच शिकायला लागली, क्लासच्या तीन खोल्यांची एक झाली आणि टायपिंगला माणूस लागेनासा झाला. नवरा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे होता. त्याचा गेटपास दर काही महिन्यांनी नवा व्हायचा, कधी व्हायचा नाही. आम्ही रुआबांध्याला दोन खोल्यांत राहत होतो, अजूनही तिथेच राहतो.

परदेशात वस्तू विकायची कल्पना क्लासमधल्याच एका मॅडमनी दिली. त्यांची बहीण जुन्या चादरी अमेरिकेला पाठवायची. इंटरनेटवरच्या बाजारात आपल्या नावाचं दुकान उघडायचं, फोटो टाकायचे, इंग्रजीत चार ओळी लिहायच्या आणि कोणी घेतलं की पार्सल करून पोस्टात द्यायचं. माझ्याकडे विकण्यासारखं काही नव्हतं. आईचा एक पितळी गडवा होता, देव्हाऱ्यामागे पडलेला. करून पाहू म्हणून त्याचा फोटो टाकला. अकरा दिवसांनी जर्मनीतल्या एका माणसानं तो घेतला. नवऱ्यानं मला तीनदा विचारलं, "गडव्यासाठी?"

मग मी भांडी शोधायला लागले. भिलाईत ती शोधावी लागत नाहीत. टाऊनशिपमध्ये दर महिन्याला कोणी ना कोणी रिटायर होतं, क्वार्टर सोडतं. चाळीस वर्षांचा संसार ट्रकमध्ये मावत नाही. आमच्या भंडारा-गोंदियाकडून आलेल्या घरांत तर पितळ हमखास निघायचं. गंगाळ, परात, कोपर, चरवी. बायांच्या लग्नात आलेलं, स्टीलची भांडी आल्यावर दिवाणात गेलेलं. भंगारवाल्यापेक्षा मी जास्त देत होते आणि मी त्यांच्यातलीच होते. म्हणून त्या मला बोलवायच्या. देण्याआधी त्या भांडी चिंच लावून लख्ख घासून ठेवायच्या, कारण मळकं भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांना लाज वाटायची. मी सांगायचे, घासू नका, तिकडच्या लोकांना काळंच आवडतं. त्यांना ते खरं वाटायचं नाही.

सुरुवातीला मी खरं लिहीत होते. 'जुनी पितळी घागर, वापरलेली.' अशी घागर दोन-दोन महिने पडून राहायची. दुसऱ्यांची दुकानं पाहिली तेव्हा कळलं की लोकांना घागर नको असते, घागरीची गोष्ट हवी असते. मग मीही लिहायला लागले. सेक्टर सहाच्या नळाखाली जिचं आयुष्य गेलं, ती घागर मी खेड्यातल्या विहिरीवर नेली. एका चरवीच्या गोष्टीत म्हशी घातल्या. वस्तू जायला लागल्या. ज्या भांड्यांवर नाव कोरलेलं असे, त्यांना तर जास्तच मागणी. तिकडे आपली अक्षरं कोणाला वाचता येत नाहीत, त्यांना ती नक्षी वाटते. नक्षीचा अर्थ काय, असं कोणी विचारलं तर मी काहीतरी चांगलं कळवायचे. सुख, शांती, भरभराट. कोणाचं काय बिघडत होतं?

काकूंचं क्वार्टर रिकामं होतंय हे मला त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं.

या काकू म्हणजे माझ्या लहानपणच्या शेजारीण. आमची दोन क्वार्टरं एका भिंतीनं जोडलेली. माझे वडील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, काका ऑफिसात क्लर्क. त्यांना एक मुलगा, त्याला मी दादा म्हणते, आणि एक मुलगी. मुलगी माझ्याच वर्गात होती. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, रविवारी सिविक सेंटरला चालत जायचो, एक ग्लास उसाचा रस दोघींत प्यायचो. तिच्याइतकी माझी कोणाशी मैत्री झाली नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

एकविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, गोंदियाकडचा मुलगा होता. काका-काकू भंडाऱ्याला जाऊन भांडी घेऊन आले. त्यात एक मोठा गुंड होता. पाण्याच्या मोठ्या घागरीला आमच्याकडे गुंड म्हणतात. गळ्याखाली दुकानातल्या माणसानं छिन्नीनं ठोकून अक्षरं कोरली होती, 'चि. सौ. कां.' आणि पुढे तिचं नाव, त्याखाली लग्नाची तारीख. ती मला ओढतच पाहायला घेऊन गेली. रिकामा गुंड कमरेवर घेऊन तिनं मागच्या अंगणात दोन चकरा मारल्या, मान वेळावून, जुन्या बायांसारख्या.

"नळ असतांनी गुंड कायले पाह्यजे वं आई?" तिनं विचारलं.

काकू म्हणाल्या, "नळ जाते कधी कधी."

लग्नाला सतरा दिवस उरले असताना तिला ताप आला. आठव्या दिवशी ती गेली. मी ते जास्त लिहीत नाही. लग्नाच्या ठरलेल्या दिवशी काकूंनी सकाळी उठून घर झाडलं, स्वयंपाक केला आणि कोणाशी न बोलता सगळ्यांना वाढलं. एवढं मला आठवतं, कारण त्या पंगतीत मीही होते.

नंतर माझं लग्न झालं, वडील गेले, आमचं क्वार्टर सुटलं. काकूंकडे जाणं वर्षातून दोनदा, मग एकदा. काका रिटायर झाल्यावरही ते क्वार्टर त्यांनी कंपनीला भाडं देऊन ठेवलं होतं. काका वारले. त्यानंतरच्या थंडीत काकू न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पुण्याहून आला आणि ऑपरेशन झाल्यावर त्यांना घेऊन गेला. दोन महिन्यांनी तो आणि वहिनी क्वार्टर रिकामं करायला आले, काकूंना न आणता.

मी गेले तेव्हा दादा क्वार्टरच्या कागदांसाठी ऑफिसात गेला होता. वहिनी पुण्याकडच्या, तोंडाला ओढणी बांधून धुळीत उभ्या होत्या. भांडी बाहेरच्या खोलीत काढून ठेवली होती. दिवाणाच्या तळाशी जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेलं एक बोचकं होतं, ते त्यांनी पायानं माझ्याकडे सरकवलं.

"हेही न्या. आमच्या फ्लॅटमध्ये चमचा ठेवायला जागा नाहीये."

"काकूंना विचारलं का?" मी म्हणाले.

"त्यांना विचारलं तर यातलं काहीच निघणार नाही. तुम्ही ओळखता ना त्यांना."

मी ओळखत होते. बोचक्याचा आकार हाताला लागला तेव्हाच आत काय आहे ते मला कळलं होतं. मी ते तिथे सोडलं नाही. दादा येईपर्यंत थांबलेही नाही. बाकी भांड्यांसोबत ऑटोत टाकून घरी आणलं.

घरी लुगडं सोडलं. गुंड काळवंडला होता, पण अक्षरं जशीच्या तशी होती. मुलगी शाळेत होती, नवरा ड्यूटीवर. मी तो कपाटावर ठेवला आणि वरून लुगडं टाकलं. काकूंना फोन करावा असं त्या दिवशी मनात आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. मग येईनासं झालं.

दीड महिन्यानं नवऱ्याचा ठेका संपला आणि नवीन यादीत त्याचं नाव आलं नाही. त्याच आठवड्यात कॅनडातल्या एका बाईचा मेसेज आला. तिनं माझ्याकडून आधी एक लोटा घेतला होता. आता तिला मोठं भांडं हवं होतं, अक्षरं असलेलं. आहे का तुमच्याकडे?

मी स्टूल घेऊन गुंड खाली काढला. नवरा खाटेवर पडला होता. त्यानं विचारलं, "काय लिवलं हाये त्याच्यावर?"

"कोणाचं तरी नाव हाये," मी म्हणाले.

सकाळच्या उन्हात गच्चीवर नेऊन मी त्याचे नऊ फोटो काढले. अक्षरांचा एक जवळून. बाईला आवडला. तिनं विचारलं, या लिहिण्याचा अर्थ काय? मी थोडा वेळ फोन हातात धरून बसले आणि मग लिहिलं की हा आशीर्वाद आहे, ज्याच्या घरी हे भांडं असेल त्यानं चिरंजीव व्हावं, खूप जगावं. 'चि.' चा अर्थ तोच ना. मी खोटं लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि खालचे आकडे? घडवल्याची तारीख. तिनं लगेच ऑर्डर दिली. मी गुंडाच्या पोटात वर्तमानपत्रं कोंबली, बाहेरून थर्माकोल लावला, पुठ्ठ्याचे दोन खोके एकात एक घातले. लुगडं मात्र घरीच ठेवलं. पोस्टातल्या बाबूनं वजन केलं, फॉर्मवर मी लिहिलं: घरगुती भांडं, वापरलेलं.

तीन आठवड्यांनी बाईनं पाच तारे दिले. लिहिलं, फार सुंदर, फार मनापासून बांधलेलं.

काकूंचा फोन आला तो त्यानंतर साधारण महिन्यानं. भर दुपारची वेळ. आवाज बारीक झाला होता.

"बाई, सून म्हणते भांडी तुह्याकडं देल्ली म्हणून."

"हो काकू."

"बाकीच्याचं काई नाई. त्याच्यात एक गुंड होता, लुगड्यात बांधलेला. तो तुह्याकडंच हाये ना?"

मी हो म्हणाले. विचार न करता तोंडातून निघून गेलं.

"बरं झालं वं. मले वाटलं भंगारात गेला. दोन रात्री झोप नाई मले. तुह्याकडं हाये म्हणजे काई चिंता नाई. ठेवजो. मी पेन्शनच्या कामाले येईन, तवा घेऊन जाईन."

त्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले कावून नाई सांगतलं तवाच?" आणि उठून बाहेर गेला. परत आल्यावर म्हणाला, "त्या बाईले लिही. वापस माग. जे लागन ते देऊ."

मी कॅनडाला लिहिलं. या वेळी खरं लिहिलं. अर्धा दिवस लागला, शब्द सापडत नव्हते. की ते एका मुलीचं नाव आहे, ती माझी मैत्रीण होती, लग्नाआधी वारली, तो गुंड तिच्या लग्नातला होता, तिच्या आईला तो हवा आहे. तुमचे सगळे पैसे परत करीन, पाठवायचा खर्चही देईन. चूक माझी आहे.

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. मला वाटलं होतं ती एक तर हो म्हणेल नाही तर नाही म्हणेल. तिनं लिहिलं होतं की मी तुला अर्थ विचारला होता. तू आशीर्वाद म्हणालीस, म्हणून मी तो माझ्या मुलीच्या खोलीत ठेवला. माझी मुलगी लहान आहे आणि तिची तब्येत बरी नसते. रोज झोपताना मी तिला सांगत होते की यावर तुझ्यासाठी खूप जगण्याचा आशीर्वाद लिहिला आहे. तुझं पत्र वाचल्यावर मला तो घरात ठेववला नाही. त्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं तो जुन्या वस्तू दान घेणाऱ्या दुकानात देऊन टाकला. तू हे कसं केलंस, मला कळत नाही.

शेवटी लिहिलं होतं की मी तुझी तक्रार केली आहे.

ते दुकान कोणतं, कोणत्या रस्त्यावर, एवढंच मला विचारायचं होतं. मी लिहायला बसले तर मेसेज जाईना. बाजारवाल्यांचं पत्र आलेलं होतं, वस्तूची खोटी माहिती दिल्याबद्दल माझं दुकान बंद केल्याचं. दुकान बंद झालं की त्यातून गिऱ्हाइकाला लिहिताही येत नाही. पार्सलवर घातलेला पत्ता माझ्या वहीत होता. त्यावर मी साधं पत्र टाकलं, मग आणखी एक. उत्तर आलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

काकू दिवाळीनंतर आल्या. दादा त्यांना सिविक सेंटरच्या बँकेत घेऊन आला होता. बँकेतलं काम आटोपल्यावर त्यांनी त्याला एका नातेवाईकाकडे जायला सांगितलं आणि स्वतः ऑटो करून, वॉकर घेऊन, एकट्या रुआबांध्याला आल्या. मी दार उघडलं तेव्हा ऑटोवाला त्यांना हाताला धरून पायरी चढवत होता. त्यांच्या खांद्याला कापडाची मोठी, नवीन पिशवी होती. गुंडासाठी आणली होती, हे न विचारता कळत होतं.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि खोलीभर नजर फिरवली.

"कुठं ठेवला?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. फोनवर खोटं बोलले तेही सांगितलं. कॅनडा म्हणजे कुठे, दान घेणारं दुकान म्हणजे काय, त्यांनी काहीच विचारलं नाही. माझं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "नाव वाचलं नव्हतं का तू?"

"वाचलं होतं."

"तू सांगत होती तवा मी मनात म्हणून राहिली होती का वाचलं नसन. घाईघाईत राह्यलं असन वाचायचं." त्यांनी पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला. "सुनेले काय म्हणू? तिनं तिले पाह्यलंच नाई. तू तर वळखत होती."

मला रडू आलं तर त्यांनी मला जवळ घेतलं नाही, थांब असंही म्हटलं नाही. वाट पाहिली. मग विचारलं, "फोटो तरी हाये का?"

मी फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बोटानं मोठं कसं करायचं ते मी दाखवलं. अक्षरांवर त्या बराच वेळ थांबल्या.

"किती काळा पडला. दर दिवाळीले मी घासत होती." फोन माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "फोटो काढाच्या आंधी घासाचा तरी होता."

मी फोटो मोठा करून कागदावर काढून देते म्हणाले. नको म्हणाल्या. मी कपाटातून लुगडं काढून आणलं, धुऊन घडी करून ठेवलेलं. ते मात्र त्यांनी घेतलं, पिशवीत घातलं. पिशवी मोठी होती, लुगडं तळाशी जाऊन बसलं. सोबत येते म्हटलं तरी नको म्हणाल्या. ऑटोवाला बाहेर थांबलाच होता. चहा मी टाकला होता, तो तसाच राहिला.

त्यांनी हे मुलाला सांगितलं नाही. मला ते कळतं, कारण दादा अजूनही सणासुदीला शुभेच्छा पाठवतो आणि मुलीचं शिक्षण कसं चाललंय ते विचारतो. पहिल्या वर्षी मी काकूंना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्या नीट बोलल्या. जेवलात का, पाऊस आहे का तिकडे. मग म्हणाल्या, "ठेवते." त्यांचा फोन कधी आला नाही. मीही पुढे करेनाशी झाले. पुढच्या वर्षी, होळीच्या आधी, दादाचा मेसेज आला की आई गेली, सगळं पुण्यातच केलं. नवरा म्हणाला, जाऊन ये. माझं तिकिटाचं झालं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी तिकीट पाहिलंच नव्हतं.

आता मी नेहरू नगरलाच एका माणसाकडे काम करते. तोही परदेशात जुनी भांडी विकतो, माझ्यापेक्षा खूप मोठ्या प्रमाणावर. ओडिशापासून नागपूरपर्यंतचा माल त्याच्याकडे येतो. मी वस्तूंची माहिती इंग्रजीत लिहिते. मराठी कळणारी तिथे मी एकटी. नाव कोरलेलं भांडं आलं की मालक माझ्यासमोर आणून ठेवतो. पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं की हे एका बाईचं नाव आहे, तसंच लिहू या.

"नाम लिखोगी तो कौन लेगा, मॅडम?" तो म्हणाला. वाईट माणूस नाही. पगार वेळेवर देतो.

मी वाचते. मनातल्या मनात, एकदा. मग 'हातानं कोरलेली जुनी नक्षी' असं टाइप करते आणि भांडं पुढच्या टेबलावर सरकवते.